काळ्या शाईतले मोनोटाइप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरची. शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं तयार केली आणि त्यासोबत जलरंगात, तैलरंगात निसर्गचित्रं करत राहिले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मोनोटाइपकडे वळले आणि आता काळ्या शाईशिवाय दुसरं फारसं काही हातात घेत नाही. प्रदर्शनाला येणारे लोक, जुने विद्यार्थी, गल्लीतल्या बायका, सगळेच विचारतात की हे काय आहे आणि रंग का सोडले. वरचेवर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी साहित्याची माहितीही दिली आहे.

मोनोटाइप म्हणजे नेमकं काय?

गुळगुळीत पत्र्यावर किंवा अ‍ॅक्रिलिक शीटवर शाईने चित्र करायचं, शाई ओली असतानाच त्यावर कागद ठेवायचा आणि दाब द्यायचा. कागद उचलला की चित्र त्यावर आलेलं असतं. लिनोकट, वुडकट (लिनो किंवा लाकूड कोरून केलेला छाप) किंवा एचिंगमध्ये (आम्लाने पत्रा कोरून केलेला छाप) पृष्ठभाग कोरलेला असतो, त्यामुळे त्याच ठशावरून अनेक प्रती निघतात. इथे काहीच कोरलेलं नसतं. शाई एकदा कागदावर गेली की पत्रा जवळजवळ कोरा होतो, म्हणून छाप एकच.

करायच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत कोऱ्या पत्र्यावर ब्रशने शाई लावत चित्र रंगवायचं. दुसरीत सगळा पत्रा रोलरने काळा करून घ्यायचा आणि कापड, बोट, काडी, जे हाताला येईल त्याने शाई पुसत उजेड काढायचा. मी बहुतेक काम दुसऱ्या पद्धतीने करते. तिसरीही एक आहे: शाई लावलेल्या पत्र्यावर कागद अलगद ठेवायचा आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलने रेखाटायचं. जिथे पेन्सिल दाबली जाते तिथेच मागून शाई चिकटते आणि किंचित फुटलेली, मऊ रेघ मिळते. चित्रकार पॉल गोगँने ही पद्धत खूप वापरली, पुढे पॉल क्लेनेही.

मोनोटाइप आणि मोनोप्रिंट एकच ना?

बोलताना लोक दोन्ही शब्द कसेही वापरतात. काटेकोरपणे बघायचं तर मोनोप्रिंटमध्ये कोरलेला, कायम राहणारा ठसा असतो आणि प्रत्येक वेळी शाई वेगळी लावून वेगळा छाप काढतात. मोनोटाइपमध्ये तो ठसाच नसतो.

इतकी वर्षं रंगात काम केलं, मग आता काळं-पांढरंच का?

सोलापूरच्या उन्हामुळे. हे उत्तर ऐकून लोक थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे निसर्गचित्र म्हटलं की नाशिकचा घाट, कोकणातली वाडी, सह्याद्रीतला पाऊस. आम्ही ज्यांच्याकडून जलरंग शिकलो ते तिथेच चित्रं काढत आणि त्यांची रंगयोजना त्या हवेतून आलेली होती. सावलीत थोडा जांभळा, लांबच्या डोंगराला निळा, उजेडाच्या बाजूला पिवळसर. दमट हवेत, हिरव्या मुलखात तसंच दिसतं, त्यामुळे ती पद्धत तिथे खरी आहे. पण एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता साखर पेठेतल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघा. समोरची चुन्याची भिंत इतकी तळपते की ती पिवळी की पांढरी हे सांगता येत नाही. दाराच्या आत काही दिसत नाही, नुसता अंधार. लिंबाच्या झाडाखाली सावली पडलेली असते, तिची कड सुरीने कापावी तशी स्वच्छ. वाळत घातलेल्या साड्यांचेसुद्धा रंग उन्हात विरलेले असतात. डोळे बारीक करून बघितलं तर दोनच गोष्टी उरतात, उजेड आणि आडोसा.

हे मला दिसत होतं आणि हात मात्र सावलीत जांभळा घालत होता, कारण हाताला तेच येत होतं. रंगाचं कसब इतकं अंगात भिनलं होतं की बघण्याआधी हात पुढे जायचा. काळी शाई हातात घेतल्यावर ते बंद झालं. आता भिंत किती पांढरी आणि दाराच्या आतला काळोख किती खोल, एवढंच ठरवायचं असतं आणि ते ठरवण्यासाठी बघावंच लागतं. सोलापूरची दुपार मला रंगांपेक्षा या शाईत जास्त खरी उतरते, असं माझं ठाम मत झालं आहे. सकाळ-संध्याकाळची गोष्ट वेगळी. हिप्परग्याच्या तलावावरची हिवाळ्यातली पहाट कुणी जलरंगात करत असेल तर मी आनंदाने बघेन.

मोतीबिंदूमुळे रंग सोडले का?

नाही. हा प्रश्न माझ्या वयाच्या प्रत्येक चित्रकाराला येतो आणि त्याला आधारही आहे. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला हा त्रास होता, १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. माझंही ऑपरेशन झालं आणि पट्टी काढल्यावर आकाश इतकं निळं दिसलं की मी बराच वेळ गच्चीतून हलले नाही. पण त्या वेळी मी शाईत काम करत होते आणि ऑपरेशननंतरही शाईच चालू राहिली. रंग दिसायला लागले म्हणून रंगवावेसे वाटलेच असं झालं नाही. फायदा झाला तो करड्या छटांचा. काळ्याच्या अगदी जवळचे दोन गडद करडे आता नीट वेगळे ओळखता येतात, जे आधी एकात एक मिसळायचे.

साठीनंतर नवं माध्यम शिकणं जमतं का?

जमतं. रवींद्रनाथ टागोर चित्रकलेकडे गंभीरपणे वळले ते साठीनंतर आणि त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरलं, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, म्युरलही केलं. अशी माणसं आठवली की वयाची सबब सांगवत नाही.

मोनोटाइपपुरतं बोलायचं तर यात वय कामी येतं. पत्र्यावरची शाई वाट बघत नाही. एका बैठकीत चित्र पूर्ण करून छापावं लागतं, दिवसेंदिवस खोडत-दुरुस्त करत बसता येत नाही. आयुष्यभर रेखाटनं केलेल्या माणसाचा हात इथे लगेच चालतो. त्रास होतो तो शरीराचा. उभं राहून रोलर फिरवायचा, मग कागदाची पाठ जोर लावून घासायची, यात खांदा आणि मनगट दुखतात. म्हणून आकार लहान ठेवा. वहीच्या पानाएवढा पत्रा सुरुवातीला पुरे. सांधे दुखत असतील तर एका दिवशी एकच छाप काढा.

हा प्रकार कुणी सुरू केला?

सतराव्या शतकात, १६४० च्या दशकात, इटलीतल्या जेनोआच्या जोव्हानी बेनेदेत्तो कास्तिल्योनेने काळ्या पत्र्यावर शाई पुसून छाप काढले. मोनोटाइपचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याच काळात रेम्ब्रां एचिंगच्या पत्र्यावर मुद्दाम शाईचा थर राखून प्रत्येक छाप वेगळा करत होता, तेही याच वाटेवरचं.

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा फ्रेंच चित्रकार एदगार देगा. १८७० च्या दशकाच्या मध्याला, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर, त्याचा मित्र लुदोविक लेपिक याच्यासोबत त्याने पहिला मोनोटाइप केला आणि नंतर तीनशेच्या वर केले. कॅफेतले दिवे, अंधाऱ्या खोलीत अंघोळ करणारी बाई, हे त्याने काळ्या पत्र्यातून पुसून काढलं. काही ठिकाणी त्याच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. त्याची नजर तरुणपणापासून अधू होत चालली होती हे लक्षात घेतलं की त्या बोटांना जास्तच अर्थ येतो. मातीसनेही पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत मोनोटाइप केले. सगळं काळं आणि त्यात एकच पांढरी, न थरथरणारी रेघ. शिकताना तेही जरूर बघा.

सोलापुरात साहित्य मिळतं का?

बहुतेक सगळं मिळतं, फक्त आर्ट मटेरियलच्या दुकानाबाहेर शोधावं लागतं.

पत्र्यासाठी साईनबोर्ड करणाऱ्यांकडे अ‍ॅक्रिलिक शीटचे उरलेले तुकडे मागा. तीन मिलिमीटर जाडी चांगली. कडा पॉलिश पेपरने घासून गोल करून घ्या, नाहीतर कागद फाटतो. ऑफसेट प्रेसमध्ये वापरून झालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेट भंगारात जातात, त्याही उत्तम चालतात. मात्र त्यांची कड फार धारदार असते, चिकटपट्टी लावूनच हाताळा. हाताने छापायचं असेल तर काचही चालते, पण ती एचिंगच्या प्रेसखाली (दोन रुळांमध्ये दाबून छापणारं यंत्र) कधीच घालायची नाही.

शाईसाठी ऑफसेटची काळी शाई किंवा एचिंगची शाई घ्या. एचिंगची मागवावी लागते. ऑफसेटची शाई चिकट असते, तिच्यात जवसाच्या तेलाचा एखादा थेंब घालून ती मऊ करतात. ट्यूबमधल्या तैलरंगाने करायचं असेल तर रंग आधी टिपकागदावर थोडा वेळ काढून ठेवा. जास्तीचं तेल कागद पितो, नाहीतर छापाच्या कडेने तेलाचं पिवळट वलय येतं.

कागद सुती हवा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मी बऱ्याचदा वापरते. हाताने घासायचं असेल तर पातळ कागद आणि प्रेसवर छापायचं असेल तर जाड. रबरी रोलर मात्र चांगला घ्या, इथे पैसे वाचवू नका. खरखरीत रोलरने शाईचा थर एकसारखा बसत नाही आणि पुढचं सगळं बिघडतं. शाईचा थर बरोबर आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. रोलर फिरताना बारीक चर्र असा आवाज सलग आला पाहिजे. चपचप आवाज आला तर शाई जास्त झाली.

पुसण्यासाठी जुनी सुती साडी, कापूस गुंडाळलेल्या काड्या, खराट्याची काडी, पुठ्ठ्याचा तुकडा. आणि सोलापुरातच मिळेल अशी एक गोष्ट, ती म्हणजे टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या. टेरी टॉवेलचा तुकडा शाईवर सरळ दाबून उचलला की सुताच्या प्रत्येक वेढ्याचा ठिपका उमटतो. ब्रशने असा पोत काढायला गेलं तर दिवस जाईल.

प्रेस नसेल तर?

स्टीलच्या डावाची पाठ वापरा. कागद ठेवला की एका हाताने तो घट्ट धरायचा आणि मधून कडेकडे, लहान लहान गोल करत घासत जायचं. एक कोपरा उचलून बघा, फिकं असेल तर परत ठेवून आणखी घासा. दुसरा कोपरा तोपर्यंत हलू द्यायचा नाही.

हाताने घासलेल्या छापात दाब सगळीकडे सारखा नसतो आणि मला ते आवडतं. जिथे जोर कमी पडतो तिथे कागदाचे तंतू शाईतून डोकावतात. मोठ्या आकाराच्या, पूर्ण काळ्या छापाला मात्र एचिंग प्रेसच लागतो. तसं काम साठलं की मी पत्रे आणि शाई घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाते आणि तिथे एका स्टुडिओत छापून संध्याकाळी परत येते.

प्रेसवर फेल्टऐवजी (कागदावर घालतात ते जाड लोकरी कापड) सोलापुरी चादर चालेल का?

चालत नाही. चादर सुती आणि घट्ट विणीची असते, दाबाखाली तिच्या विणीचा उठाव कागदावर येतो. मुद्दाम नक्षी हवी असेल तरच वापरा. फेल्टला पर्याय हवा असेल तर लोकर हवी, कारण ती दबते आणि पुन्हा फुगते. जुन्या, वापरून मऊ पडलेल्या घोंगडीचा तुकडा त्यातल्या त्यात बरा.

उन्हाळ्यात काम करता येतं का?

येतं, पण वेळ बदलावी लागते. पारा ४२-४३ वर गेला की शाई पातळ होते, पुसलेल्या जागेत पुन्हा सरकते आणि रेघा मिटतात. त्यात चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळलं की ती घट्ट होते. जिममध्ये हाताला लावतात ती पांढरी पावडर म्हणजे हेच, फक्त त्यात सुगंध किंवा चिकटपणासाठी दुसरं काही घातलेलं नसावं.

खरी अडचण कागदाची. जाड कागद ओलसर असला तरच शाई नीट उचलतो. मुंबईचे लोक सांगतात की कागद भिजवून टिपून ठेवा, तासाभराने वापरा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तासाभरात तो खडखडीत वाळतो आणि कडा वर येतात. मी आदल्या रात्री कागद पाण्यातून काढते, दोन ओलसर टिपकागदांमध्ये ठेवते, सगळा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर पाट आणि वजन ठेवते. सकाळी ओल सगळीकडे सारखी मुरलेली असते. कागद हाताला गार लागला पाहिजे, पण त्याच्यावर पाणी चमकता कामा नये. पहाटे पाच ते नऊ हा उन्हाळ्यातला कामाचा वेळ. त्या वेळी पंखाही बंद ठेवते.

पांढरा रंग कोणता वापरता?

कोणताही नाही. पांढरा म्हणजे कागद.

चित्र उलटं का येतं?

कागद पत्र्यावर पालथा पडतो, म्हणून डावं-उजवं बदलतं. झाड, माणूस, ढग यांना काही फरक पडत नाही. ओळखीची जागा असेल तर पडतो. भुईकोट किल्ल्याची तटबंदी उलटी आली तर सोलापूरकर लगेच बोट ठेवतो. अ‍ॅक्रिलिक शीट पारदर्शक असल्यामुळे रेखाटन तिच्याखाली पालथं ठेवता येतं. काम चालू असताना मधूनमधून आरशात बघा. दुकानाच्या पाट्यांवरची अक्षरं मी शक्यतो टाळते.

एकच प्रत निघते, मग सरळ कागदावरच का काढत नाही?

हा सगळ्यात चांगला प्रश्न. कागदावर शाई लागली की ती शोषली जाते, परत निघत नाही. पत्र्यावर ती वरच्यावर राहते. सबंध आकाश पुसून पुन्हा काळं करता येतं, माणूस एका जागेवरून काढून दुसरीकडे ठेवता येतो. असा पुसण्यातून येणारा उजेड कोळशाने किंवा ब्रशने मिळत नाही.

दुसरं कारण दाबाचं. शाईचा थर दाबाखाली पसरतो, दोन रेघांमधलं अंतर भरतं, कापडाची वीण उमटते. कागद उचलेपर्यंत काय आलं आहे ते मला पूर्ण माहीत नसतं. जे येतं त्यातलं पुष्कळसं मी केलेलं असतं आणि थोडं दाबाने केलेलं असतं. तो थोडा भाग मला जन्मभर स्वतःच्या चित्रांत हवा होता.

छापल्यावर पत्र्यावर उरलेल्या शाईचं काय करता?

तिच्यावर दुसरा ओला कागद लावून पुन्हा दाब देते. फिकट, धुरकट छाप येतो, त्याला घोस्ट म्हणतात. देगा अशा दुसऱ्या छापावर पेस्टलने काम करायचा आणि त्याची बरीच नावाजलेली पेस्टल अशीच झाली आहेत. मी त्यावर कोळशाने थोडं काम करते, कधी तसाच ठेवते. धुळीच्या दिवसांतली चित्रं घोस्टमध्ये छान येतात.

विषय कसे निवडता?

जिथे उजेड आणि काळोख शेजारी आहेत तिथे जाते. आपल्या गावात अशा जागांना तोटा नाही.

जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा घ्या. सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) उभे निघतात आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतले (बंदांच्या अंगरख्यातले) भक्त. रंगात करताना फुलं, पताका, हार यांच्यातच लक्ष अडकायचं. काळ्या पत्र्यावर मी आधी बोटाला कापड गुंडाळून बाराबंद्या पुसून घेते, एकेक स्वतंत्र नाही, एकमेकांत मिसळलेला पांढरा जथा. मग खराट्याच्या काडीने नंदीध्वजाची काठी, खालून वर, एका ओढीत. मध्ये थांबलं तर काडीने ढकललेल्या शाईचा बारीक गोळा तिथे साठतो आणि छापात काळा ठिपका येतो, म्हणून श्वास रोखूनच ओढायची. चेहरे काढत नाही. बाराबंदीच्या वर काळी शाई तशीच सोडली की बघणारा स्वतः चेहरा बघतो. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम तर या माध्यमासाठीच आहे. काळ्या पत्र्यावर टर्पेंटाइनचे थेंब शिंपडले की शाई आपोआप फाकते आणि मध्ये पांढरा गोल उघडतो.

विणकरांच्या मागांची चित्रं मी बऱ्याचदा केली. पॉवरलूमच्या शेडमध्ये उजेड वरच्या झरोक्यातून येतो, ताण्याच्या (मागावरच्या उभ्या) सुतांवर पडतो आणि खाली सगळं अंधारात. ते सूत दाखवायला जुना कंगवा घेते. कंगव्याचे दात शाईवरून एकदा सरळ ओढले की ताणा तयार. मग त्यातल्या काही सुतांवरून बोट फिरवून ती पुन्हा काळी करते, नाहीतर ते छापील नक्षीसारखं दिसतं.

आणि विडी वळणाऱ्या बायकांचे हात. ओळखीच्या एका मावशींच्या दारात बसून मी पुष्कळ रेखाटनं केली. मांडीवर सूप, त्यात पत्र्याच्या साच्यावर कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. बोलता बोलता विडी वळून होते, मावशी हाताकडे बघतसुद्धा नाहीत. पहिला छाप दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, अंगठा असा सरळ नसतोय आमचा.” खरंच, वर्षानुवर्षं दोरा ओढून अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. त्यानंतरचे सगळे हात मी त्यांच्यासमोर बसून काढलेल्या रेखाटनांवरूनच केले.

फोटो काढून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट केला तर तेच होणार ना?

नाही. मोबाईल प्रत्येक रंगाला त्याच्या हिशोबाने करडा देतो आणि सगळं दाखवतो. चित्रात काय काळोखात बुडवायचं हे आपण ठरवतो. छटा ओळखायला शिकताना मात्र मोबाईलचा उपयोग होतो, विद्यार्थ्यांना मी तो करायला सांगते.

हात आणि पत्रा कशाने साफ करायचे? वास सहन होत नाही.

थिनर आणि पेट्रोलची अजिबात गरज नाही. आधी खाण्याचं तेल, मग भांड्याचा साबण. मी करडईचं तेल वापरते, घरात असतंच. तेलाने शाई सुटते, कापडाने पुसायची आणि मग साबणाच्या पाण्याने पत्रा धुवायचा. तेलाचा अंश राहिला तर पुढच्या वेळी शाई बसत नाही. टर्पेंटाइन दारूकामाच्या चित्रापुरतं, तेही गच्चीत.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जवसाचं तेल आणि शाई लागलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यातून उष्णता तयार होते. चिंध्यांचा ढीग असेल तर ती आत कोंडते आणि ठिणगी नसतानाही ढीग पेटू शकतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, हा धोका आणखी वाढतो. चिंध्या पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका किंवा बाहेर सुट्या पसरून पूर्ण वाळवा आणि मगच कचऱ्यात द्या. घरात लहान मुलं असतील तर हे आधी ठरवा, शाई नंतर आणा.

छाप वाळायला किती वेळ लागतो?

शाई आणि थर यांवर आहे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, पावसाळ्यात आठवडाभर किंवा जास्त. दोरीवर चिमट्याने लटकवा, एकावर एक ठेवू नका.

सही आणि क्रमांक कसा घालायचा?

छापाच्या खाली, कागदाच्या कोऱ्या कडेवर, पेन्सिलने. डावीकडे १/१, उजवीकडे सही आणि वर्ष. घोस्टवर मी “घोस्ट” असंच लिहिते, म्हणजे घेणाऱ्याला ते काय आहे ते कळतं.

विकत घेताना खरा छाप कसा ओळखायचा?

हल्ली चित्राची मशीनवर काढलेली प्रतही “प्रिंट” म्हणून विकली जाते, त्यामुळे हे विचारणं योग्यच आहे. भिंगातून बघा. इंकजेटवर काढलेल्या प्रतीत रंगाचे बारीक फवारलेले ठिपके दिसतात आणि काळ्यातही निळे-लाल कण सापडतात. मोनोटाइपमध्ये शाईचा सलग थर असतो, दाट जागी तिरप्या उजेडात किंचित चमकतो, काही ठिकाणी ब्रशचे केस किंवा कापडाची वीण उमटलेली असते. प्रेसवर छापलेलं असेल तर पत्र्याच्या कडेचा दाब कागदात बोटाला लागतो. कागद उलटून पाठही बघा, हाताने घासलेल्या छापाची पाठ चकाकते. आणि चित्रकाराला विचारायला संकोच करू नका.

फ्रेम करताना काय काळजी घ्यायची?

काच छापाला टेकता कामा नये, मध्ये माउंट (छापाभोवतीची जाड कागदाची चौकट) हवाच, तोही आम्लविरहित. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. काळ्या शाईला उन्हाचं भय कमी, कागदाला जास्त, म्हणून समोर ऊन येईल अशी भिंत टाळा. मागची बाजू कागदी पट्टीने बंद करा. कसर आणि वाळवी मागूनच शिरतात. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते.

शाळेतल्या मुलांकडून करून घेता येईल का?

जरूर. माझ्या हातात असतं तर पाचवीपासून सगळ्यांना शिकवलं असतं. चित्र येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसणारी मुलं यात रमतात, कारण कोऱ्या कागदाची भीती नसते. समोर काळा पत्रा असतो, बोट फिरवलं की उजेड येतो.

मुलांसाठी तेलाची शाई नको. पाण्यात धुता येणारी ब्लॉक प्रिंटिंगची शाई मिळते, ती घ्या. नाही मिळाली तर काळ्या पोस्टर कलरमध्ये दोन-चार थेंब ग्लिसरीन घाला, लवकर वाळत नाही. पत्र्याऐवजी जाड प्लास्टिकचे फोल्डर कापून द्या, कडा गोल करून. कागद साधा ड्रॉइंगचा, ओल्या स्पंजने पाठीवरून एकदा पुसलेला. चार मुलांत एक रोलर पुरतो. पहिल्या तासाला विषय देऊ नका, फक्त बोट, काडी, कापड आणि टॉवेलचा तुकडा यांनी काय काय उमटतं ते बघू द्या. दुसऱ्या तासाला सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात न्या आणि खांबांच्या सावल्या बघून यायला सांगा. छाप वाळवायला वर्गात दोरी आधीच बांधून ठेवा, चाळीस मुलांचे ओले कागद बाकांवर मावत नाहीत.